जिरो योशिहारांचं लाल वर्तुळ: एका फटकाऱ्यात काढलंय का?

नमस्कार मंडळी!

(स्क्रीनवर चित्र)

काळाभोर कॅनव्हास आणि त्यावर एक जाड लाल वर्तुळ. चित्र जपानी चित्रकार जिरो योशिहारांचं, साल १९६५. जपानमधल्या ह्योगोच्या कलासंग्रहालयात आहे आणि दोन मीटरहून रुंद आहे. पहिल्यांदा बघताना वाटतं, मोठा कुंचला घेतला, हात फिरवला, संपलं काम. तसं ते झालेलं नाही, आणि मला हे चित्र आवडतं ते त्याचमुळे.

आधी परंपरा समजून घेऊ. झेन या बौद्ध पंथाचे भिक्षू शतकानुशतकं वर्तुळ काढत आलेत, त्याला एन्सो म्हणतात. काजळी आणि सरसापासून केलेली शाई, ती पटकन पिणारा कागद आणि बहुतेकदा एकच फटकारा.

(कॅमेरा टेबलावर)

हा हँडमेड कागद. कुंचला टेकवला आणि जरा रेंगाळलो, तर बघा, शाई लगेच फुटली. आता फिरवतो. इथे शाई संपत आली, केस फाकले आणि मधून कागद डोकावायला लागला. हे सगळं आता असंच राहणार. वरून दुसरा हात मारला तर तो लपत नाही. त्यामुळे एन्सो बघणारे लोक, गोल किती नेमका आलाय यापेक्षा हात कुठे घाईत होता, कुठे बिचकला, ते बघतात.

आणि याला गंभीर चेहराच लागतो असंही नाही हं. सेनगाई (१७५०–१८३७) या झेन गुरूंनी एन्सो काढून शेजारी लिहिलं की हे खा आणि चहा घ्या! मला हे फार आवडतं. एवढं मोठं ध्यानाचं चिन्ह आणि त्यांनी त्याचा चक्क खाऊ करून टाकला.

आता योशिहारा. जन्म १९०५, ओसाका. घरचा खाद्यतेलाचा व्यवसाय, चित्रकला स्वतःच शिकलेले. १९५४ मध्ये त्यांनी 'गुताई' हा चित्रकारांचा गट सुरू केला. तरुण चित्रकारांच्या मागे त्यांचा एकच धोशा असायचा, आधी कुणी केलेलं नाही ते करा. मग कुणी ताणलेले कागद फोडत आरपार गेलं, कुणी दोराला लोंबकळून पायांनी रंगवलं. स्वतः योशिहारा मात्र निशिनोमियाच्या काइसेइजी मंदिरातल्या, नांतेम्बो या झेन भिक्षूंनी कुंचल्याने लिहिलेल्या अक्षरांनी भारावले होते. आणि १९६० च्या दशकात ते वर्तुळाकडे वळले ते कायमचेच.

आता कडेजवळ या. लांबून सलग फटकारा वाटतो, पण जवळून दिसते ती सावकाश घडवलेली कड. त्यांच्या वर्तुळांमध्ये बाहेरचा रंग कडेवर आणून आकार दुरुस्त केलेला असतो. म्हणजे वर्तुळ जितकं आतून रंगवलंय, तितकंच बाहेरून कोरलंय. एकही वर्तुळ मनासारखं जमत नाही, अशा अर्थाचं ते स्वतःच म्हणत.

मग ही फसवणूक झाली का? मला मुळीच तसं वाटत नाही. १९५६ च्या गुताई जाहीरनाम्यात त्यांचं म्हणणं होतं की चित्रकाराने साहित्याला दडपू नये, त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे बोलू द्यावं. शाई दुसरी संधी देत नाही. कॅनव्हासवरचा रंग देतो, थरावर थर घेतो. त्या रंगाकडून शाईची नक्कल करवून घेतली असती तर ती खरी लबाडी ठरली असती. भिक्षूचा सगळा सराव फटकाऱ्याच्या आधी होऊन गेलेला असतो आणि कागदावर दिसत नाही. योशिहारांचा सराव कॅनव्हासवरच चालतो आणि आपल्यासमोर उघडा राहतो.

आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंडेंनाही झेनची ओढ होती. नागपूरला जन्मलेले, जे. जे. मध्ये शिकलेले. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंग चढवत आणि खरवडत. त्यांची चित्रंही अशीच थरांतून सावकाश घडलेली आहेत. त्यांच्यावर एक वेगळा व्हिडिओ करायचाच आहे.

योशिहारांची वर्तुळं भारतातही आली होती. १९७१ च्या नवी दिल्लीतल्या दुसऱ्या त्रैवार्षिक कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळालं. पुढच्याच वर्षी ते गेले आणि गुताई गटही विसर्जित झाला.

चित्राची मोठी प्रतिमा कुठे मिळाली तर आधी कड बघा, मग मागे सरका. तुम्हाला काय दिसलं ते खाली लिहा, मी वाचतो.