फुर्टवेंगलर आणि रुमाल

(दृश्य: बर्लिन फिलहार्मोनी सभागृह, जुनी समाचारफीत)

१९ एप्रिल १९४२. उद्या हिटलरचा वाढदिवस. तो स्वतः इथं नाही, पण सभागृहात स्वस्तिक झळकतंय आणि बेथोवेनची नववी सिम्फनी शेवटाकडे सुसाट निघालीय.

हे विल्हेल्म फुर्टवेंगलर, बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संचालक. त्यांचे हात बघा. ठोका नेमका कुठं पडला, कळतच नाही. बॅटन (संचालकाची छडी) थरथरत खाली येतं आणि मध्येच कुठंतरी अख्खा वाद्यवृंद एकदम उसळतो. वादक यावर विनोद करायचे, वाजवायचे मात्र जीव ओतून.

(दृश्य: टाळ्या. गोबेल्स मंचापाशी)

हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स पुढं येतो. फुर्टवेंगलर वाकून हात मिळवतात. आता रुमालाकडे लक्ष द्या. हात पुसला की नुसता घाम टिपला? चाहते आणि टीकाकार आजही इथंच फीत थांबवतात.

(दृश्य: वर्तमानपत्रांची कात्रणं)

हा वाद्यवृंद १९२२ पासून त्यांचा. १९३३ मध्ये ज्यू कलावंतांची हकालपट्टी सुरू झाली, तेव्हा एप्रिलमध्येच त्यांनी गोबेल्सला जाहीर पत्र लिहिलं: ज्यू वाद्यवृंद-संचालक ब्रूनो वाल्टर, क्लेम्पेरर यांच्यासारख्यांना जर्मनीत वाव मिळालाच पाहिजे. (मोठ्या कलावंतांपुरतीच ही रदबदली होती, हेही खरं.) पुढच्या वर्षी जर्मन संगीतकार हिंडेमिथवर नाझींमुळं संक्रांत आली. २५ नोव्हेंबर १९३४ ला फुर्टवेंगलरांनी त्याच्या बाजूनं उघड लेख लिहिला. त्याच संध्याकाळी ऑपेरात ते दिसताच प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तोही गोबेल्स आणि गोरिंगच्या देखत. डिसेंबरात त्यांनी सगळ्या पदांचे राजीनामे दिले. त्या काळच्या बर्लिनमध्ये असं करायला छाती लागत होती.

१९३५ च्या वसंतात ते पुन्हा मंचावर आले. देश सोडला नाही. राजवटीला मिरवायला एवढं पुरेसं होतं.

(दृश्य: युद्धानंतरचं बर्लिन, ढिगारे)

डिसेंबर १९४६ मध्ये नाझींशी असलेल्या संबंधांची चौकशी झाली, फुर्टवेंगलर निर्दोष ठरले. मे १९४७ मध्ये बर्लिनला पुन्हा बेथोवेन. १९४९ मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदाचं बोलावणं होरोविट्झ, रुबिनस्टाइन या ज्यू पियानोवादकांच्या विरोधामुळं बारगळलं. व्हायोलिनवादक मेन्यूहिन, तेही ज्यू, फुर्टवेंगलरांची बाजू घेत राहिले.

(दृश्य: कारायान, बर्लिन फिलहार्मोनिकसमोर)

१९५४ मध्ये फुर्टवेंगलर गेले. त्यांच्या जागी आले हर्बर्ट फॉन कारायान. ते नाझी पक्षाचे सभासद होते. फुर्टवेंगलर कधीच नव्हते.