चमचाभर विरजणातील आकाशगंगा

श्रोतेहो, नमस्कार. दही कसे लावतात हे आपणांपैकी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. उद्याच्या दह्यासाठी आज पातेलेभर दही राखून ठेवावे लागत नाही. वाटीच्या तळाशी चमचाभर विरजण उरले तरी पुरते. हे विरजण आपण ध्यानात ठेवावे, कारण आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्यातील 2,048 ग्रहांचे विश्व अशाच विरजणावर उभे आहे.

खेळाचे नाव एलिट. अंतराळातील व्यापाराचा आणि लढाईचा हा खेळ केंब्रिजच्या जीझस कॉलेजातील इयन बेल आणि डेव्हिड ब्रेबन या दोन विद्यार्थ्यांनी बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी लिहिला आणि अकॉर्नसॉफ्टने तो 20 सप्टेंबर 1984 रोजी प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आपल्याकडे शालेय संगणक-शिक्षणाचा 'क्लास' प्रकल्प सुरू झाला आणि त्यातही हेच यंत्र निवडले गेले होते. त्यामुळे त्याची तांबड्या बटणांची रांग काही श्रोत्यांना शाळेपासून आठवत असेल.

खेळाडूच्या गाठीला आरंभी 100 क्रेडिट असतात आणि यानावर एक साधी लेझर तोफ व तीन क्षेपणास्त्रे असतात. एका ग्रहावर माल घ्यावा, दुसऱ्यावर विकावा, आणि वाटेत चाचे आडवे आले तर लढावे, एवढाच व्यवहार. थॉर्न ईएमआय या कंपनीने मात्र हा खेळ आधी नाकारला होता. खेळात तीन 'जीव' असावेत, म्हणजे तीनदा मरेपर्यंत डाव चालावा, आणि एक डाव दहा मिनिटांत आटोपावा, अशी तिची अपेक्षा होती. दहा मिनिटांत आटोपणारी गोष्ट लोकांना अधिक आवडते हा समज आमच्या रेडिओच्या धंद्यातही फार जुना आहे, आणि तो मला कधीच पटलेला नाही.

या संगणकाची स्मृती अवघी 32 किलोबाइट होती. त्यातील काही भाग पडद्यावरील चित्रासाठी वगैरे खर्ची पडे आणि उरलेल्या सुमारे 22 मध्ये सगळा खेळ बसवायचा होता. आज सकाळी आपल्या फोनवर 'सुप्रभात' म्हणून जे गुलाबाचे चित्र आले असेल, त्याने याहून अधिक जागा घेतली असणार, आणि ते कोणी मागवलेलेही नसते. एवढ्याशा जागेत 2,048 ग्रहांची नावे, त्यांची ठिकाणे, तेथील राज्यव्यवस्था आणि बाजारभाव लिहून ठेवणे अशक्यच होते. म्हणून त्या दोघांनी ते लिहून ठेवलेच नाही. त्यांनी फक्त तीन संख्या ठेवल्या, मिळून सहा बाइट, म्हणजे सहा इंग्रजी अक्षरांएवढी जागा. हेच ते विरजण. त्या संख्यांची ठरावीक रीतीने बेरीज करीत गेले की पुढच्या ग्रहाच्या संख्या मिळतात, आणि त्या संख्यांतील अंकांवरून ग्रहाचे बाकी सर्व ठरते. नावदेखील अक्षरांच्या जोड्यांतून जुळते: 'डी' आणि 'सो' एकत्र आले की डिसो हा ग्रह झाला. पुन्हा सांगतो, ग्रह साठवलेले नाहीत. ते दर वेळी नव्याने मोजून काढले जातात. घरचे दही रोज थोडे वेगळे लागते, येथे मात्र एका विरजणाचे दही प्रत्येक वेळी तंतोतंत तेच लागते.

आता ज्या हकिकतीसाठी मी हे भाषण लिहायला घेतले, ती सांगतो. सहा बाइटांत जितकी वेगवेगळी विरजणे मांडता येतात, त्यांची संख्या 281 लाख कोटींहून अधिक आहे, आणि तितक्या आकाशगंगा खेळात ठेवाव्यात असा या तरुणांचा मूळ विचार होता. प्रकाशकांनी तो मोडून काढला. इतकी विश्वे दिली तर ती सगळी एकाच साच्यातील आहेत हे खेळाडूच्या लगेच लक्षात येईल, असे त्यांचे म्हणणे पडले आणि आकडा आठांवर आला. प्रत्येकीत 256 ग्रह, म्हणजे आठांचे मिळून 2,048. आता कोट्यवधींतून आठ निवडायच्या होत्या. यंत्राने ग्रहांची नावे मुकाट्याने जुळवलेली होती. आपल्याकडे बारशाला आत्या असते, ती नाव कानात सांगण्यापूर्वी दोनदा विचार करते; येथे आत्याच नव्हती. परिणामी एका आकाशगंगेत असा एक ग्रह निघाला, की त्याचे नाव म्हणजे इंग्रजीत माणूस ज्यावर बसतो त्या अवयवाचा असभ्य शब्द होता. तो शब्द मी या ध्वनिक्षेपकावरून उच्चारणार नाही. जाणकारांनी समजून घ्यावा.

आपण म्हणाल, त्यात काय, नाव बदलून टाकावे! परंतु श्रोतेहो, नाव बदलणार कोठे? यादी असती तर एक ओळ खोडता आली असती. येथे यादीच नव्हती. त्या एका ग्रहासाठी अपवाद लिहावा, तर त्यालाही जागा लागणार, आणि जेथे एकेका बाइटसाठी ओढाताण चालली होती तेथे अशा चोचल्याला जागा कोण देणार? विरजणातील एक अंक बदलावा, तर तो एक ग्रह नव्हे, सगळेच ग्रह बदलतात. दह्याच्या पातेल्यातील एकच कवडी गोड करता येत नाही, तसेच हे. शेवटी ती अख्खी आकाशगंगा टाकून देण्यात आली. एका शब्दापायी उरलेले 255 निरपराध ग्रह, त्यांचे बाजार आणि त्यांची राज्ये एका क्षणात गेली. मला त्यांच्याविषयी अजूनही हळहळ वाटते, आणि तितकेच हसूही येते.

पुढे इयन बेल यांनी या खेळाच्या अनेक जुन्या आवृत्त्या आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध करून दिल्या, आणि बीबीसी मायक्रोची नक्कल करणारा प्रोग्रॅम आजच्या संगणकावर चालवून तो मूळ खेळ आपल्यालाही खेळता येतो. चाच्यांपेक्षा ग्रहाजवळच्या अंतराळस्थानकात शिरतानाच नवखा खेळाडू अधिक वेळा मरतो, हे अनुभवाने सांगतो. स्थानक स्वतःभोवती फिरत असते आणि त्याचे दार टपालपेटीच्या फटीएवढे अरुंद असते. ते दार नेहमी ग्रहाच्या बाजूला असते, हे लक्षात ठेवावे. म्हणून स्थानकापासून थोडे ग्रहाकडे जावे, तेथे यान उलटे वळवावे, फट समोर आली की वेग अगदी कमी करावा आणि स्थानकाच्या फिरण्याशी आपले फिरणे जुळवीत आत शिरावे. नमस्कार.