जॅक पॉइंटवर जॅक लावला, मग स्टँड कुठं लावायचा?

नमस्कार मंडळी. ऑइल बदलायचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून ऑइलबद्दल कोणी विचारतच नाही. सगळे एकच विचारून राहिले, "भाऊ, गाडीखाली गेलात कसे ते दाखवा ना." त्यात सध्या रील्सचं पीक आलं आहे. गाडी नुसत्या जॅकवर, आधाराला लोखंडी स्टँड नाही, खाली माणूस पाना फिरवतोय, वरून गाणं. मला रोज कोणी ना कोणी पाठवतं आणि खाली लिहितं, "बघा, किती सोपं आहे." सोपं आहेच बाप्पा, जॅक बसेपर्यंत.

सुरुवातीचं भराभर सांगतो, ते तुम्हाला माहीत आहे. जागा सपाट आणि कडक. हँडब्रेक ओढा. गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पी वर. जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून लाकडी गुटके. चाक काढायचं असेल तर नट टायर जमिनीवर असतानाच ढिले करा. आत कोणी बसायचं नाही, "मी एसी लावून बसतो" वगैरे चालणार नाही. झालं.

गुटक्यांवर मात्र एक मिनिट, कारण कमेंट येतेच: "गाडी गिअरमध्ये आहे, मग गुटके काहून?" आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. पुढचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारा गिअरचा संच, मोकळा होतो. हवेतलं चाक उलटं फिरेल आणि जमिनीवरचं पुढे सरकेल, गिअर असूनही. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर असतो. मग मागची दोन्ही चाकं उचलली तर हँडब्रेक ओढून काय फायदा? म्हणून गुटके. आणि दगड नको, तो घरंगळतो.

आता "कडक जागा". नागपुरात हे दोन शब्द बोलायला सोपे आहेत. बेसा, पिपळ्याकडच्या नव्या लेआउटमध्ये घरासमोर काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसात चिखल. मे महिन्यात डांबर इतकं तापतं की स्टँडचे पाय त्यात रुततात. शहरात सिमेंट रोड झाले, रस्ते वर आले, घरं खाली राहिली. पाणी अंगणात येतं तो वेगळा राग, पण आपल्या कामाचं म्हणजे गेटपासून अंगणापर्यंत उतार झाला. त्या उतारावर गाडी उचलायची नाही, गुटके लावूनसुद्धा नाही. आणि सगळ्यांच्या घरासमोरचे ते गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक! दिसतात कडक, पण खाली रेतीच असते. सगळा भार स्टँडच्या चार बारीक पायांवर आला की एखादा गट्टू खाली दबतो आणि स्टँड तिरपा होतो. जाड प्लायवूडचा मोठा तुकडा टाका, म्हणजे भार पसरतो. फ्लॅटवाल्यांनो, इमारतीखालच्या पार्किंगचा काँक्रीट कोबा सगळ्यात उत्तम, सेक्रेटरींची परवानगी तेवढी काढा.

आता मुद्द्यावर येतो.

(जॅक आणि स्टँड शेजारी ठेवून)

हा जॅक. हा स्टँड. जॅक उचलतो, स्टँड धरतो. कळमना मार्केटात हमाल पोतं उचलून देतो, ते पाठीवर घेऊन दिवसभर उभा राहत नाही. हायड्रॉलिक जॅकमध्ये गाडी तेलाच्या दाबावर उभी असते आणि ते तेल अडवून ठेवतं काय? रबराचं एक सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील झिजलं की तेल गळतं आणि जॅक हळूहळू बसतो. कधी कधी हळूहळू नाही, एकदम. पाय अडकून किंवा दांडा हलून व्हॉल्व्ह जरा सैल झाला, तरी तेच. गाडीसोबत मिळतो तो कैचीसारखा जॅक तर फक्त चाक बदलायला असतो. गाडीच्या पुस्तकातच लिहिलं असतं की यावर गाडी असताना खाली जाऊ नका.

एक काका लिहितात, "आम्ही अख्खं आयुष्य जॅकवर काम केलं, काही झालं नाही." काका, ज्यांना झालं ते कमेंट लिहायला नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, पण हेच खरं आहे.

अजून पटत नसेल तर हे बघा. गाडी जॅकवर आहे, खाली कोणी नाही, मी बाजूला उभा आहे. व्हॉल्व्ह अगदी किंचित फिरवतो. (गाडी खाली येते.) दिसलं? ओरडायलाही वेळ नाही. मांडी, छाती, डोकं, जे खाली असेल ते गेलं.

मग लोक म्हणतात स्टँड नाही, विटा लावतो. मनीषनगरला माझ्या एका मित्राकडे मी हे समोर पाहिलं. दोन विटा एकावर एक, वर गाडीची कड. जॅक सोडला, टक् असा आवाज आला, वरची वीट मधोमध चिरली आणि फरशीवर लाल भुकटी सांडली. मित्र म्हणाला, "दुसरी लावू का बे?" वीट, पोकळ सिमेंट ब्लॉक, फरशीचा तुकडा, हे सगळं पसरलेला भार सहन करतं. एका बारीक कडेचा भार आला की वाकत नाही, थेट फुटतं. स्टँडची जोडी एका सर्व्हिसिंगच्या खर्चात येते. घ्या.

आता तो प्रश्न, ज्यासाठी खरं तर हा व्हिडिओ आहे. "दादा, पुस्तकात जॅक लावायची जागा एकच. तिथं जॅक लावला, मग स्टँड कुठं?" प्रश्न बरोबर आहे आणि बहुतेक व्हिडिओत या जागी कट मारलेला असतो.

दाराखाली पत्र्याची उभी कड असते. पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे, दोन्ही ठिकाणी त्या कडेवर जवळजवळ दोन-दोन खाचा दिसतील. प्रत्येक जोडीतल्या दोन खाचांमधली छोटी पट्टी मजबूत केलेली असते, बाकीची कड नुसता पत्रा. ही पट्टी स्टँडसाठी राखून ठेवायची. जॅकला दुसरी जागा द्यायची. पुढून उचलताना ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक) बंपरखालून मध्ये घाला आणि तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये मधला पॉइंट दिला असेल, तर तिथं लावा. बहुधा तो पुढच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे गाडीखालच्या आडव्या मजबूत पट्टीवर असतो. दोन्ही बाजू एकदम उचलल्या जातात आणि दोन्हीकडच्या खाचा स्टँडला मोकळ्या राहतात. क्रॉसमेंबर समजून ऑइल चेंबरला, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याला, जॅक लावू नका. चेंबरचा पत्रा पातळ असतो, वर इंजिन आहे. गिअरबॉक्स नाही, लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) नाही, रेडिएटरखालची पट्टी नाही.

मधला पॉइंट दिलाच नसेल तर? मग जॅक खाचांमधल्या पट्टीवर, मध्ये चीर असलेलं रबर घालून, नाहीतर कड दुमडते. आणि स्टँड थोडा आत, जिथं पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिनखालची जाड लोखंडी चौकट, मोठ्या बोल्टने बॉडीला आवळलेली असते. एक बाजू थोडी वर, मग दुसरी थोडी, असं करत जा. एकच बाजू पूर्ण उचलली तर पलीकडचा स्टँड तिरपा होतो. बोलेरोवाले नशीबवान. वेगळी चेसिस आणि मागे सरळ एक्सल, जागाच जागा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, मधोमध बॅटरी आहे, तिथं जॅकचा विचारही नको. कंपनीने दाखवलेले पॉइंट सोडून काहीच नाही.

उचलताना ट्रॉली जॅकच्या चाकांकडे लक्ष ठेवा. त्याचा हात गोलाईत वर जातो, म्हणून जॅक स्वतः गाडीखाली थोडा सरकायला हवा. चाक गट्टूच्या फटीत अडकलं तर जॅक जागेवर राहतो आणि वरची वाटी पॉइंटवरून घसरते. गाडी पडते ती बऱ्याचदा अशीच. प्लायवूड मोठा घ्या म्हणालो ते यासाठीही. जॅकचं अख्खं धूड त्यावर फिरलं पाहिजे.

स्टँडचा दांडा वर करा, खटका दातात बसला का ते डोळ्यांनी बघा, हाताने दाबून बघा. मग व्हॉल्व्ह हळू सोडा, गाडी स्टँडवर येऊ द्या. भार स्टँडवर आला की जॅक काढू नका, नुसता टेकवून ठेवा. काढलेलं चाक आडवं करून कडेखाली सरकवा. आता उभं राहून गाडीला बाजूने जोरात धक्का द्या. लाजू नका, सगळं अंग लावून. पडायची असेल तर आत्ता पडू दे. हलली, कुरकुरली, तर खाली घ्या आणि पहिल्यापासून. खाली गेल्यावर लांब पाइप लावून एखाद्या गंजलेल्या नटवर लटकू नका, ती ताकद स्टँडलाही लागते. आणि घरात कोणाला तरी सांगून जा, फोन खिशात ठेवा.

उतरवताना आधी जॅकने थोडी वर, स्टँड काढा, मग खाली. नट टायर टेकल्यावर पूर्ण आवळा, समोरासमोरचे, फिरत फिरत नाही.

तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष खाली लिहा, पुढच्या वेळी पुढचे ब्रेक पॅड काढू. आणि रील नका पाठवू, प्लीज.