तुपातलं ब्युटिरिक आम्ल निसटतं कुठे?

साजूक तुपाच्या मेदाम्लांत साधारण ३ ते ४ टक्के ब्युटिरिक आम्ल असतं. पामतेलात किंवा सरकीच्या तेलात ते नसतं. म्हणून तुपातली भेसळ शोधताना गॅस क्रोमॅटोग्राफच्या (मिश्रणातले घटक वायुरूपात वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर नजर आधी या चार कार्बनच्या आम्लाकडे जाते. पण सगळ्यात आधी उडून जातं तेही हेच.

तूप ५० अंशांवर वितळवून कोरड्या गाळणकागदातून गाळायचं. पाणी राहिलं, तर पुढे मिथाइल एस्टरऐवजी, म्हणजे यंत्रात सहज वाफ होणाऱ्या मेदाम्लांच्या रूपाऐवजी, साबण बनतो. गाळलेलं ०.१ ग्रॅम तूप ५ मिलिलिटर हेक्झेनमध्ये विरघळवायचं. त्यात मिथेनॉलमधलं २ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, फक्त ०.२ मिलिलिटर. झाकण घट्ट लावून एक मिनिट जोरात हलवायचं, पाच मिनिटं ठेवायचं. मग अर्धा ग्रॅम सोडियम हायड्रोजन सल्फेट घालून अल्कली मारायची आणि वरचा निवळ द्रव थेट व्हायलमध्ये (यंत्राच्या छोट्या बाटलीत) घ्यायचा.

थेटच घ्यायचा. द्रव दाट व्हावा म्हणून त्यावर नायट्रोजन सोडला, किंवा इतर तेलांच्या सवयीने तो पाण्याने धुतला, की घात होतो. मिथाइल ब्युटिरेट, म्हणजे ब्युटिरिक आम्लाचं एस्टर, १०२ अंशांना उकळतं, पाण्यातही थोडं विरघळतं. ते असं गेलं, की चोख तूप अहवालात भेसळीचं ठरतं. (खवट तुपातली मोकळी आम्लं मात्र या अल्कलीने एस्टर होत नाहीत. तिथे आम्लाचा उत्प्रेरकच लागतो.)

आता कॉलम, म्हणजे घटक जिच्यात वेगळे होतात ती यंत्रातली बारीक नळी. सायनोप्रोपिलच्या लेपाचा, १०० मीटर लांब, आतून पाव मिलिमीटर व्यासाचा. इंजेक्टर (नमुना आत सोडण्याची जागा) २५० अंशांवर, स्प्लिट १:१००, म्हणजे नमुन्याचा साधारण शंभरावा भागच कॉलममध्ये जातो. ओव्हन ६० अंशांपासून हळूहळू चढवायचा. खाद्यतेलांसाठीचा १४० अंशांपासूनचा प्रोग्रॅम तसाच वापरला, तर ब्युटिरेटचं शिखर द्रावकाच्या (हेक्झेनच्या) शेपटीत बुडतं. एवढी लांबी लागते ती अठरा कार्बनच्या गर्दीत सिस आणि ट्रान्स (दुहेरी बंधाभोवती वेगळी रचना असलेली रूपं) वेगळे दिसावेत म्हणून. नुसतं ट्रान्स दिसलं म्हणून डालडा मिसळला असं म्हणू नये. गाईम्हशींच्या पोटातच व्हॅक्सेनिक आम्ल हे ट्रान्स आम्ल तयार होतं. ट्रान्सची शिखरं कोणती आणि कशा प्रमाणात आहेत, ते पाहावं.

ज्वाला-शोधकाला (कॉलममधून आलेले घटक जाळून मोजणाऱ्या भागाला) एस्टरच्या कार्बोनिल गटातला कार्बन दिसत नाही. छोट्या साखळीत हा तोटा मोठा ठरतो. म्हणून मिथाइल स्टिअरेटचा (अठरा कार्बनच्या स्टिअरिक आम्लाच्या एस्टरचा) गुणक १ धरला, तर मिथाइल ब्युटिरेटचं क्षेत्रफळ १.५४ ने गुणावं लागतं. हे विसरलं, तर ३.५ टक्क्यांचं ब्युटिरिक आम्ल २.३ टक्क्यांच्या आसपास दिसतं.

एवढं सगळं सांभाळूनही आकडा कमी आला तर? लॉरिक आम्ल वाढलेलं असेल, तर खोबरेल किंवा पाम कर्नल तेलाचा संशय घ्यावा. पण विदर्भ-मराठवाड्याच्या कापूस पट्ट्यात जनावरं सरकी खातात. त्यांच्या शुद्ध तुपातही छोटी आम्लं मुळातच कमी आणि अठरा कार्बनची जास्त असतात. अशा नमुन्यावर फक्त मेदाम्लांवरून शिक्का मारणं अन्यायाचं आहे. त्याचे स्टेरॉल तपासावेत: तुपात कोलेस्टेरॉल असतं, आणि बीटा-सिटोस्टेरॉल या वनस्पतींतल्या स्टेरॉलचं ठळक शिखर आलं तर वनस्पतीचं तेल मिसळलेलं आहे.