वर्गणीदाराच्या हातात काय उरतं? : कन्सोल गेमिंगच्या मासिकांविषयी

व्हिडिओ गेमच्या मासिकाची वर्षाची वर्गणी भरावी का, असं अलीकडे मुलंही विचारतात आणि त्यांचे आईवडीलही. सगळं फोनवर फुकट मिळत असताना कागदासाठी पैसे कशाला? माझं उत्तर आहे, भरावी. पण कोणत्या मासिकाची आणि काय बघून, हे सांगायचं तर आधी १९८८ सालच्या अमेरिकेत जावं लागेल.

१९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा बसला होता. दुकानं निकृष्ट गेम्सनी भरली होती आणि गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला होता. अशा बाजारात १९८५ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीनं आपला एनईएस हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आणला. कन्सोल चालला, तशी मुलांची पत्रं आणि फोन सुरू झाले : इथं अडकलोय, पुढं कसं जायचं? कंपनीनं एक क्लब काढला आणि त्याचं छोटं पत्रक मुलांना फुकट पाठवायला सुरुवात केली. मागणी इतकी वाढली की फुकट पाठवणं परवडेना. मग जुलै-ऑगस्ट १९८८ मध्ये 'निन्टेन्डो पॉवर' हे वर्गणीचं मासिक निघालं. सुरुवातीला ते दोन महिन्यांनी यायचं. संपादनाची धुरा गेल टिल्डेन यांच्याकडे होती. पहिल्या मुखपृष्ठावर मातीच्या बाहुल्या घडवून 'सुपर मारिओ ब्रदर्स २' मधलं दृश्य उभं केलं होतं.

त्या अंकात मुलांना हवे असायचे ते नकाशे. 'मेट्रॉइड' हा गेम ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत असेल, त्याच्या एनईएस आवृत्तीत नकाशाच नाही. एकसारखे दिसणारे बोगदे, वर जाणारे, खाली जाणारे, आणि आपण कुठं आहोत याचा पत्ता नाही. 'झेल्डा' या गेममध्ये अमुक एक झुडूप जाळलं तर खाली जिना सापडतो, पण कोणतं झुडूप, हे पडदा सांगत नाही. मासिक ते पानभर पसरून दाखवायचं : एका पडद्याला दुसऱ्या पडद्याचं चित्र जोडून अख्खा प्रदेश एका नजरेत. कंपनीनं फोनवर सल्ला द्यायला माणसं बसवली होती, पण तो फोन लांब पल्ल्याचा, आणि बिल आईवडिलांच्या नावावर. अंक मात्र गादीवर पालथं पडून कितीही वेळा बघता येत होता. मुलं पत्रं लिहायची तीही पाकिटावर चित्रं रंगवून, आणि त्यातली निवडक पाकिटं अंकात छापून यायची.

आता एक गोष्ट स्पष्टच बोलतो. हे मासिक गेम बनवणाऱ्या कंपनीचंच होतं. स्वतःच्या मालावर ते कठोर टीका करणार नव्हतं आणि त्यानं ती केलीही नाही. म्हणजे जाहिरातीसाठी मुलांकडूनच पैसे घेतले, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खोटा नाही. पण नकाशा मात्र खरा होता. चुकीचा नकाशा छापला असता तर हजारो मुलांनी त्याच आठवड्यात कळवलं असतं. मत विकत घेऊ नये, माहिती घ्यावी, हा फरक त्या वाचकांना कळत होता असं मला वाटतं.

याच मासिकानं वर्गणीच्या जोरावर एक विलक्षण काम केलं, त्यावर जरा थांबतो.

जपानमध्ये १९८६ पासून 'ड्रॅगन क्वेस्ट' हा गेम तुफान गाजत होता. १९८९ मध्ये तो 'ड्रॅगन वॉरियर' या नावानं अमेरिकेत आला आणि दुकानात पडून राहिला. का, ते गेम सुरू केल्या केल्या कळतं. आपण राजाच्या दरबारात उभे असतो. दार बंद. मारिओवर वाढलेलं पोर उडी मारायला बटण दाबतं, तर उडीच नाही, एक यादी उघडते : बोला, शोधा, घ्या, दार, जिना. आधी पेटीपाशी जाऊन 'घ्या' निवडायचं, त्यात किल्ली मिळते. मग दारापाशी जाऊन 'दार'. मग जिन्यावर उभं राहून पुन्हा यादी उघडायची आणि 'जिना' निवडायचं, तेव्हा कुठं माणूस खाली उतरतो! बाहेर पडल्यावर चिखलाच्या गोळ्यासारखे क्षुद्र शत्रू मारत एकेक नाणं जमवायचं, तेव्हा बरी तलवार परवडणार. हा गेम वाचायचा होता, आणि तो कसा वाचायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं.

पडून राहिलेल्या कॅसेटींचं निन्टेन्डोनं काय केलं? १९९० मध्ये जाहीर केलं की 'निन्टेन्डो पॉवर'ची वर्षाची वर्गणी भरा, 'ड्रॅगन वॉरियर' फुकट. वर्गणी सुमारे २० डॉलर. एका गेमची दुकानातली किंमत याहून बरीच जास्त असायची, त्यामुळे मुलांनी आईवडिलांना हा हिशेब नीट समजावून दिला असणार. टपालानं कॅसेट आली, सोबत मार्गदर्शक पुस्तिका आली, नकाशे आले. त्या एका योजनेतून लाखो अमेरिकन घरांत पहिला जपानी धाटणीचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन त्याची ताकद हळूहळू वाढवत खेळायचा गेम, पोचला. पुढे 'फायनल फँटसी'सारख्या गेम्सना तिकडे जो वाचक-खेळाडू मिळाला, त्यातला मोठा वाटा या योजनेचा आहे असं माझं ठाम मत आहे. दुकानदार हे करू शकला नसता. त्याच्याकडे खेळाडूचा पत्ता नव्हता, आणि सलग वर्षभर त्याच्याशी बोलत राहण्याची सोयही नव्हती. मासिकाकडे दोन्ही होतं.

स्वतंत्र मासिकांची परंपराही तितकीच जुनी. जपानच्या 'फामित्सू'त चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ मध्ये, 'ओकारिना ऑफ टाइम' या 'झेल्डा' मालिकेतल्या गेमला. इंग्लंडमध्ये १९९३ ला सुरू झालेल्या 'एज'नं समीक्षकाचं नावच न छापण्याची पद्धत ठेवली, मत मासिकाचं म्हणून यायचं. तिथं दहापैकी दहा गुण मिळायला १९९६ चा 'सुपर मारिओ ६४' यावा लागला. गुण देताना हात आखडता असला की त्या गुणांना वजन येतं.

आणि आता २ ऑगस्ट २०२४. 'गेम इन्फॉर्मर' हे १९९१ पासून चाललेलं अमेरिकन मासिक त्या दिवशी बंद झालं. मालक होती गेमस्टॉप ही गेम विकणाऱ्या दुकानांची साखळी. दुकानाच्या सभासदत्वाबरोबर मासिक मिळायचं, म्हणून खप प्रचंड होता, आणि दुकानांचे दिवस फिरले तसे मासिकाचेही फिरले. बंद झाल्याची बातमी आली त्याच दिवशी संकेतस्थळावरचे वर्षानुवर्षांचे लेख, मुलाखती, समीक्षा सगळं गायब, त्या जागी निरोपाचा मजकूर. ज्यांच्या घरी छापील अंक होते त्यांच्याकडून मात्र कुणी काही काढून घेऊ शकलं नाही. मार्च २०२५ मध्ये गनझिला गेम्स या कंपनीनं ते मासिक विकत घेऊन जुन्याच संपादकांसह पुन्हा सुरू केलं, जुना मजकूर परत आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ही कंपनी स्वतः गेम बनवते. संपादकांना मोकळीक राहील असं सांगितलं गेलंय. वर्गणीदारानं ते तपासत राहावं, तो त्याचा हक्क आहे.

'निन्टेन्डो पॉवर' डिसेंबर २०१२ ला थांबलं. शेवटच्या मुखपृष्ठावर पुन्हा मातीचा मारिओ होता. त्याच्या अंकांच्या स्कॅन प्रती इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयावर होत्या, त्या २०१६ मध्ये तिथून काढून टाकल्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनं आपला डिजिटल संग्रह खुला केला. त्यात जुन्या गेमिंग मासिकांचे दीड हजारांहून जास्त अंक आहेत आणि त्यांतला शब्दन्‌शब्द शोधता येतो. संशोधकाला हे घबाड आहे, आणि अशा संग्रहांची भिस्त लोकांनी जपून ठेवलेल्या अंकांवरच असते.

तेव्हा वर्गणी भरण्यापूर्वी तीन-चार गोष्टी बघा. मालक कोण आहे. वाईट गेमला ते वाईट म्हणतं का, त्यासाठी एखादा जुना अंक मिळवून वाचा. परदेशी मासिक असेल तर टपालखर्च धरून हिशेब करा, कारण कधी कधी तो मासिकापेक्षा जड जातो. डिजिटल वर्गणी घेत असाल तर अंक स्वतःकडे उतरवून ठेवता येतो, की फक्त त्यांच्या ॲपमध्ये दिसतो, हे आधी विचारा. फक्त ॲपमध्ये दिसणार असेल तर मी तरी पैसे भरणार नाही.

आपल्याकडेही 'स्कोअर' नावाचं गेमिंग मासिक निघायचं, 'डिजिट' या तंत्रज्ञानाच्या मासिकाबरोबर सीडी आणि डीव्हीडी यायच्या. ते अंक कुणाच्या माळ्यावर असतील तर रद्दीवाल्याला देण्याआधी, हे भाषण संपल्यावर व्यासपीठाजवळ येऊन मला सांगा. स्कॅन करायचं काम मी करतो, अंक तुमचे तुम्हाला परत मिळतील.