अलिबागची पुळण आणि सुकतीचा हिशेब

मंडळी, अलिबागच्या पुळणीवरून कुलाबा किल्ला अगदी हाकेच्या अंतरावर दिसतो. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिथे पायी जाता येतं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण निघायचं कधी आणि परत फिरायचं कधी, याची चौकशी फार थोडे करतात. म्हणून किल्ल्याआधी वेळेचं बोलू.

पंचांगात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. येते ती भरतीची ढोबळ वेळ. तृतीयेला तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा सव्वादोनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की सकाळी साडेआठच्या आसपास पूर्ण ओहोटी. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही पक्षांत हिशेब हाच. थोडं मागेपुढे होतं, तेव्हा छापील तक्त्याशी ताडून घ्या.

पण नुसती वेळ जुळून भागत नाही. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे ऐन दुपारी बाराला ओहोटी. फिरायला सोयीची वाटते, पण तेव्हा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरेसं मागे हटतच नाही. पायी जायचं तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस धरा. उधाणाच्या त्या दिवसांत भरती जितकी चढते, तितकीच सुकतीही खोल जाते.

खरी चूक होते ती परतताना. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाला चार मीटरचा चढ धरला, तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढतं. माणूस निर्धास्त होतो, गडावर आणखी तासभर रेंगाळतो, आणि तेवढ्यात दोन फुटांहून जास्त भर पडते. वाटेतले सखल भाग तर बाजूने आधीच भरलेले असतात. म्हणून पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी पुळण सोडा आणि ओहोटीनंतर तासाभराच्या आत गड सोडा. पट्ट्याच्या सँडल घाला. खडकावरची कालवं तळवा कापतात. घोडागाडीने गेलात तरी परतीची वेळ गाडीवाल्याकडून आधीच पक्की करून घ्या.

शिवाजी महाराजांनी १६८० साली या किल्ल्याचं काम सुरू करवलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे हे आंग्र्यांचं ठाणं झालं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले, तरी कान्होजींनी दाद दिली नाही. तट जवळून बघा. मोठमोठे चिरे एकावर एक रचलेत, सांध्यांत चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, आणि चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याची पुष्करणीही. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी बनावटीच्या तोफा आहेत.

पोहायचं असेल तर पाणी चढत असताना, कमरेइतक्या पाण्यातच. ओहोटीचा ओढ आत नेतो. आणि परतीची वाट बुडालेली दिसली तर पाण्यात उतरू नका. दरवाजाशी थांबा आणि होडीची सोय बघा.