बाजाराची पिशवी आणि युद्धनौका

नमस्कार श्रोतेहो.

दुसऱ्या महायुद्धातलं विमान म्हटलं की डोळ्यांपुढे स्पिटफायर येतं. मी आज बोलणार आहे ते विमान दिसायला अगदीच गबाळं. एकावर एक दोन पंख, धातूच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड, आधाराला दांड्या आणि तारा, वैमानिकाच्या डोक्यावर छप्पर नाही. नाव स्वोर्डफिश. वैमानिक मात्र त्याला बाजाराची जाळीची पिशवी म्हणत. त्यात काहीही कोंबा, ते उडायचंच. वेग ताशी जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर, आणि पोटाखाली टॉर्पेडो, म्हणजे पाणतीर, लटकवला की त्याहूनही कमी.

११ नोव्हेंबर १९४०ची रात्र. इटलीच्या टाचेशी असलेल्या तारांतो बंदरात इटलीच्या सहा बड्या युद्धनौका मुक्कामाला होत्या. सुमारे ३०० किलोमीटरवरून ब्रिटिशांच्या ‘इलस्ट्रियस’ या विमानवाहू जहाजाने दोन तुकड्यांत २१ स्वोर्डफिश सोडली. एवढं अंतर जाऊन परतायला पेट्रोल पुरेना, म्हणून प्रत्येक विमानातल्या तिघांपैकी एकाला जहाजावरच ठेवलं आणि त्याच्याऐवजी जादा टाकी नेली. समोरून तोफा झडणार, आणि पेट्रोल पाठीशी!

खरी अडचण होती पाण्याची. विमानातून टाकलेला पाणतीर आधी खोल सूर मारतो, मग वर येऊन धावू लागतो. तारांतोत खोली बारा-एक मीटर; तो सरळ चिखलात रुतला असता. यावरचा उपाय मला फार आवडतो. विमानाच्या नाकाखाली एक रीळ, त्यावर बारीक तार, तारेचं टोक पाणतीराच्या नाकाला. तीर सुटला की तार उलगडताना नाक वर ओढून धरायची, आणि तो सपाट आपटायचा. विहिरीत पहिल्यांदा उडी मारणारं पोर कसं पोटावर पडतं, अगदी तसा!

दैवानेही हात दिला, हे मान्य करायला हवं. विमानं अडवायला बंदरावर बांधलेले बरेचसे बलून आदल्या दिवसांतल्या वादळात गेले होते. पाणतीर अडवणारी जाळी हवी होती त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच लागली होती. एकवीसपैकी अकरा विमानांकडेच पाणतीर होते. त्यातले पाच लागले, तीन एकट्या ‘लित्तोरिओ’ला. सकाळी तीन युद्धनौका निकामी झालेल्या होत्या. त्यातली ‘काव्हूर’ पुन्हा कधी लढली नाही. ब्रिटिशांची दोन विमानं पडली. दोघे गेले, दोघे कैद झाले.

पुढच्या वर्षी, २६ मे १९४१ला, ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू जहाजावरची स्वोर्डफिश जर्मनांच्या ‘बिस्मार्क’ या युद्धनौकेमागे लागली. ढगांतून खाली येताच दिसलेल्या जहाजावर त्यांनी पाणतीर सोडले. ते निघालं ब्रिटिशांचंच ‘शेफिल्ड’! नशीब एवढंच की काही तीर पाण्याला लागताच फुटले. जहाजाच्या चुंबकत्वाने तीर फोडणारे चुंबकी फ्यूज सदोष होते. ते बदलले, आणि संध्याकाळच्या दुसऱ्या फेरीत एक तीर ‘बिस्मार्क’च्या सुकाणूपाशी लागला. जहाज गोल फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी बुडालं. आपल्याच जहाजावर हल्ला झाला नसता, तर तो दोष कळला असता का?

हे सगळं जमलं, कारण तारांतोत अंधार होता आणि अटलांटिकवर ढग होते.

१२ फेब्रुवारी १९४२ला मात्र तीन मोठ्या जर्मन युद्धनौका भर दिवसा इंग्लिश खाडीतून निघाल्या, डोक्यावर लढाऊ विमानांचा पहारा घेऊन. त्यांच्यावर सहा स्वोर्डफिश गेली. नेतृत्व यूजीन एस्मंड यांचं. ‘बिस्मार्क’वर विमानांचा पहिला हल्ला चढवणारे तेच. सोबतीला स्पिटफायरच्या पाच तुकड्या यायच्या होत्या. आली दहा विमानं. एस्मंड थांबले नाहीत.

सहाही स्वोर्डफिश पडली. एकही पाणतीर लागला नाही. अठरा जणांपैकी पाच जिवंत सापडले. त्यांत एस्मंड नव्हते.

नमस्कार.